हिरवा ठिपका पाहिला, पण वर्खाचं काय?

गेल्या दिवाळीत पाहुण्यांसमोर काजूकतलीचा डबा उघडला. सासूबाई माळकरी, एकादशीला शेगावची वारी न चुकवणाऱ्या. त्यांनी एक वडी उचलली. शेजारच्या जैन ताईंनी मात्र हात मागे घेतला. "वहिनी, वर्खाची मिठाई आम्ही घेत नाही. तो कशात कुटतात ते विचारा एकदा."

मैत्रिणींनो, आम्ही पडलो खामगावचे! रजतनगरीतल्या बायकांना चांदीबद्दल कुणी शिकवावं? पण चांदी खरी की खोटी एवढंच आम्ही आजवर विचारलं.

मग माहिती काढली. वर्ख करताना चांदीचे छोटे तुकडे एका जाड वहीच्या पानांमध्ये ठेवतात. वही चामड्याच्या पाकिटात घालून तासन् तास हातोडीने ठोकतात. इतके ठोके खाऊन न फाटणारी ती पानं कागदाची नव्हेत. जुन्या पद्धतीत ती बैलाच्या आतड्याच्या पातळ पडद्याची, नाहीतर कातड्याची असतात. ऐकून पोटात कसंसंच झालं. २०१६ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्ख बनवताना प्राणिजन्य वस्तू वापरू नये असा नियम काढला, त्यावर कोर्टकचेरीही झाली. आता मशीनवर, खास कागदात केलेला वर्ख मिळतो. दुकानदाराला सरळ विचारा, "वर्ख मशीनचा की हातकुटीचा?" त्याला सांगता येत नसेल, तर बिनवर्खाची कतली घ्या. चवीत काडीचा फरक नाही.

तुम्ही म्हणाल, हिरवा ठिपका असतो की! असतो, पण पाकिटावर. सुट्या मिठाईच्या परातीवर तो कोण लावणार? आणि २००१ साली आलेल्या या ठिपक्याचीही एक गंमत आहे. कायद्याच्या व्याख्येत दूध, मध, मेण आणि लाख मांसाहारात धरत नाहीत. लाख म्हणजे जिच्या बांगड्या आपण भरतो तीच, किड्यांनी फांदीवर सोडलेला चीक. चॉकलेटच्या रंगीत गोळ्यांना चकाकी येते ती पुष्कळदा तिच्यामुळे. पाकिटावर 'शेलॅक' किंवा 'ई ९०४' लिहिलेलं असतं. ती खायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं.

'ई १२०' दिसलं तर तो कार्माइन, वाळवलेल्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. 'ई ६३१' हा चव वाढवणारा पदार्थ मांस-मासळीपासूनही करतात आणि वनस्पतीपासूनही, नुसत्या आकड्यावरून कळत नाही. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की, घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे पाकिटावर स्पष्ट लिहा, मग त्याचं प्रमाण कितीही कमी असो.

लिपस्टिकमध्ये हाच कार्माइन 'सीआय ७५४७०' या नावाने बसलेला असतो. साबणाच्या वेष्टनावर 'सोडियम टॅलोवेट' असेल तर ती जनावराची चरबी. अक्षरं इतकी बारीक छापतात की वाटतं, वाचूच नये म्हणून छापली असावीत!

त्या रात्री मी घरातला एकेक डबा वाचत सुटले आणि सासूबाईंच्या औषधांपाशी थबकले. तीन महिने मीच त्यांना रोज एक मऊ, चकाकती कॅप्सूल देत होते. वेष्टनावर लिहिलं होतं, 'सॉफ्ट जिलेटिन'. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून करतात. औषधावर ठिपक्याची सक्ती नाही.

सांगावं की गप्प बसावं? दोन दिवस मला झोप लागली नाही. पण औषध मनाने बंद केलं नाही, तुम्हीही करू नका. आधी डॉक्टरांना विचारलं. ते हसले नाहीत. तेच औषध गोळीच्या रूपात लिहून दिलं, आणि झाडाच्या सेल्युलोजच्या कॅप्सूलही मिळतात असं सांगितलं.

मग सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ माळेवर हात ठेवून बसल्या.

"तुले केव्हा समजलं वं?"

"परवा."

"मंग दोन दिवस काहून थांबली?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या अंघोळ करून शेगावला जाऊन आल्या. येताना नातवासाठी बिस्किटाचा पुडा आणला होता. चष्मा लावून पुडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "वाच बरं यावरचं. सगळं वाच."