टाकी घासण्याआधी एक थेंब पाहा

फिशटँकच्या काचेवर बुळबुळीत थर दिसला की ती घाण समजून सगळी टाकी रिकामी केली जाते. मासे बादलीत जातात, वाळू आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतले जातात. मग काही दिवसांतच चकचकीत टाकीत मासे धापा टाकू लागतात. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात आणि तो त्यांच्यासाठी विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि पुढे बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे सूक्ष्मजीव स्पंजला, वाळूला चिकटून वाढतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नळाच्या पाण्यातले क्लोरीन ती मारू शकते. ही दोन कामे दोन वेगळ्या जिवाणूंचीच, असे शंभराहून अधिक वर्षे मानले जाई. दोन्ही एकट्याने करणारा नायट्रोस्पायरा २०१५ साली सापडला, आणि त्याच्या पहिल्या नमुन्यांपैकी एक मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता.

म्हणून धुण्याआधी स्पंज पिळून त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. शंभरपट मोठे दाखवणारे शाळेतले साधे यंत्र पुरते. चपलेच्या तळव्यासारखा पॅरामेशियम सरकताना दिसतो. व्हॉर्टिसेलाचा देठ जरा धक्का लागताच गुंडाळला जातो आणि हळूहळू पुन्हा उलगडतो. रोटिफरच्या डोक्यावर चक्रे फिरताना दिसतात, पण फिरत काहीच नसते. बारीक केस क्रमाने लवतात आणि त्या प्रवाहात अन्न तोंडाकडे ओढले जाते. हे तिघेही जिवाणू खातात. नव्या टाकीतले दुधाळ पाणी बहुधा जिवाणूंच्या एकदम झालेल्या वाढीचे असते, आणि ते निवळण्यात या खाणाऱ्यांचाही वाटा असतो.

यावर रास्त आक्षेप असा, की अमोनिया पचवणारे जिवाणू या यंत्रातून ओळखता येत नाहीत. दिसले तरी ठिपकेच. हे खरे आहे, म्हणून अमोनिया मोजण्याचे किट लागतेच. पण सोबतचे जीव काही सांगतात. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत गाळातले देठधारी जीव आणि रोटिफर पाहूनच प्रक्रिया नीट चालली आहे का, याचा अंदाज बांधतात. दुसरी भीती रोगाची. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठवणारा इक्थिऑफ्थिरियस हाही पॅरामेशियमसारखाच केसाळ एकपेशीय जीव आहे. मात्र पूर्ण वाढलेल्या जीवातले नालाच्या आकाराचे केंद्रक त्याची ओळख पटवते. तो दिसला तर उपचार करावेत. नसेल तर स्पंज टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच पिळावा आणि वाळूला त्या दिवशी हात लावू नये.