फायरवॉल राउटरचा वेग कमी येतोय? आधी केबल तपासा, मग खर्च करा



मुलांना नको त्या साइट दिसू नयेत म्हणून आम्ही शाळेतल्या एका जुन्या संगणकात दुसरं लॅन कार्ड बसवून, मोफत मिळणारी प्रणाली टाकून फायरवॉल राउटर तयार केला. दोन्ही कार्डं गिगाबिटची, म्हणजे १००० मेगाबिटची. पण वेग मोजला तर फक्त ९४ मेगाबिट! "संगणक जुना आहे, नवीन राउटरच घेऊ," असं ठरलं. पालकांकडून वर्गणी काढायची यादीही झाली. पण त्याआधी एकदा नीट मोजायचं ठरवलं. ते कसं केलं, ते सांगतो.

१) मोजायचं काय?
इंटरनेटची स्पीड टेस्ट ही राउटरची परीक्षा नव्हे. त्यात आपल्या प्लॅनची मर्यादाही येते. राउटरच्या दोन्ही बाजूंना एकेक संगणक जोडा. दोन्हीवर आयपर्फ-३ हे मोफत साधन टाका. बाहेरच्या बाजूचा संगणक सर्व्हर, आतल्या बाजूचा क्लायंट. आयपर्फ राउटरवरच चालवू नका, कारण मग त्याच्यावर दुहेरी काम पडतं आणि आकडा फसवा येतो. एकक पण बघा : ८ बिट म्हणजे १ बाइट.

२) राउटर बाजूला काढा
दोन्ही संगणक एकाच केबलने थेट जोडा, हाताने आयपी पत्ते द्या आणि मोजा. राउटरच्या केबली एकेक करून लावून बघा. आमच्याकडे एका केबलवर ९४० आले, दुसरीवर ९४. राउटर मध्ये नसतानाही ९४! म्हणजे दोष राउटरचा नव्हताच.

३) आकडा वाचायला शिका
सुमारे ९४० म्हणजे गिगाबिट पूर्ण मिळतंय. उरलेला वाटा पाकिटांवरच्या पत्त्यांना वगैरे जातो. सुमारे ९४ म्हणजे जोडणी १०० वर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तर बरीच कार्डं गुपचूप १०० वर येतात. दिवा लागतो, नेट चालतं, त्यामुळे शंकाच येत नाही.

४) आकडा मधलाच आला तर?
समजा ४०० आले. आता प्रोसेसरवरचा भार बघा. गेटवर शिपाईकाका प्रत्येक मुलाचं ओळखपत्र बघतात, तसं फायरवॉल प्रत्येक पाकीट तपासतो. गिगाबिटवर पूर्ण आकाराची पाकिटं सेकंदाला सुमारे ८१ हजार जातात, पण सगळ्यात लहान, ६४ बाइटची असतील तर सुमारे १४.८८ लाख! घुसखोरी तपासणी चालू असेल तर ती थोडा वेळ बंद करून मोजा. एका प्रवाहात वेग कमी पण एकदम चार प्रवाहांत जास्त आला, तर बहुधा प्रोसेसरचा एकच कोअर राबतोय.

आम्ही केबलचं टोक कापून नवा कनेक्टर बसवला. राउटरमधून पुन्हा मोजलं : ९३६. वर्गणीची यादी फाडून टाकली.

विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना सांगतोच ना, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निरीक्षण वहीत लिहा? इथेही तेच करायचं. सातवीच्या मुलांकडून हा तक्ता भरून घ्या, त्यांना फार मजा येते.