इमारत पाहताना – लेखांक ६ : गॉथिक कॅथेड्रल

फ्रान्सच्या सहलीत गॉथिक कॅथेड्रल म्हणजे बहुतेकदा पॅरिसचे नोत्र दाम. ११६३ च्या सुमारास बांधायला घेतलेली ही इमारत १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर पाच वर्षांहून अधिक काळ बंद होती; डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा खुली झाली. आत जायला तिकीट नाही. सहलीचा गट पश्चिमेच्या दारातून शिरतो, माना वर करून छत पाहतो आणि बाहेर येऊन बस गाठतो. एवढ्यात इमारत निम्मीच पाहून होते, कारण आतले छत ज्याच्या जोरावर तरले आहे, ते बरेचसे भिंतीच्या बाहेर आहे.

कमान भार नुसता खाली नेत नाही, दोन्ही बाजूंना बाहेरही रेटते. कमान जितकी पसरट, तितका रेटा जास्त. टोकदार कमानीचा रेटा अर्धगोल कमानीपेक्षा कमी असतो, म्हणून उंच बांधकामाला ती सोयीची. ही कमान सोलापूरकडच्या वाचकाला नवी नाही. विजापूरच्या जामा मशिदीत आणि गोलघुमटात ती आहेच. गोलघुमटाने मात्र रेट्याला वेगळे उत्तर दिले. मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीवरचा घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा आहे. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी त्याला पेलतात आणि सुमारे तीन मीटर जाडीच्या भिंती उरलेला रेटा सोसतात. टेंभुर्णीजवळच्या उजनी धरणाची दगडी भिंतही भीमेच्या पाण्याचा आडवा रेटा अशीच स्वतःच्या वजनाने अडवते. वजनाने काम भागते, पण जाड भिंतीत मोठ्या खिडक्या काढणे अवघड जाते.

बाराव्या शतकातल्या फ्रेंच बांधकामाला तर खिडकीच हवी होती. पॅरिसजवळच्या सां-दनी मठाचा प्रमुख सुजे याची श्रद्धा होती की उजेड मनाला ईश्वराकडे नेतो. त्याने ११४० ते ११४४ या काळात चर्चचा पूर्वभाग नव्याने बांधून घेतला आणि तिथून गॉथिक शैलीची सुरुवात मानतात. छताला दगडी फासळ्या घातल्या की भार सलग भिंतीवर न पडता ठरावीक खांबांवर गोळा होतो. मग रेटा फक्त तेवढ्याच जागी अडवावा लागतो. त्यासाठी भिंतीबाहेर काही अंतरावर दगडी टेकू उभारून त्यावरून अर्धी कमान भिंतीला भिडवली. मधली भिंत भारातून सुटली आणि तिथे काच आली. टेकूच्या माथ्यावरचा टोकदार सुळका शोभेचा वाटतो, पण त्याच्या वजनाने रेट्याची दिशा खाली वळायला मदत होते. नोत्र दामचे हे टेकू सीन नदीच्या दक्षिण काठावरून उत्तम दिसतात. वेळ कमी असेल तर आतली दहा मिनिटे कमी करून तिथे जावे. छत कसे उभे आहे हे तिथेच उलगडते.

या पद्धतीची मर्यादा फ्रान्समधल्याच बोव्हेच्या कॅथेड्रलमध्ये कळते. नोत्र दामचे छत सुमारे ३३ मीटर उंच आहे. बोव्हेच्या लोकांनी आपले छत ४८ मीटरवर नेले आणि १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. पुढे सुमारे १५३ मीटर उंचीचा मनोरा चढवला, तोही १५७३ मध्ये पडला. ते कॅथेड्रल आजही अपुरे आहे.

आत गेल्यावर घाई करू नये. डोळे अंधाराला सरावले की रंग खुलतात. नोत्र दामच्या उत्तरेकडच्या गोल खिडकीत तेराव्या शतकातली बरीच काच टिकून आहे. त्या बाजूला थेट ऊन येत नाही, त्यामुळे तिथला निळा रंग दिवसभर शांत राहतो. काचेसाठीच जायचे तर पॅरिसच्या नैर्ऋत्येला शार्त्र आहे. ११९४ च्या आगीनंतर बांधलेल्या त्या कॅथेड्रलमध्ये मध्ययुगीन काच जितकी राहिली आहे, तितकी फार थोड्या ठिकाणी असेल. चित्रे खूप उंचावर आहेत. दुर्बीण जवळ असावी.

फ्रान्सला जाण्याआधी हीच भाषा मुंबईत वाचता येते. कुर्डुवाडीहून सिद्धेश्वर एक्स्प्रेस जिथे पोचते, ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने १८७८ ते १८८८ मध्ये उभारले. टोकदार कमानी, फासळ्यांचा घुमट, दगडी प्राणी हे सारे तिथे आहे. ओव्हल मैदानासमोरचे विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने भारतात पाऊल न ठेवता, इंग्लंडमधूनच केला आणि मोठी देणगी कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दिली. या सभागृहाच्या गोल खिडकीत बारा राशी आहेत. नोत्र दामच्या पश्चिमेच्या गोल खिडकीतही राशी आहेत, पण आतून पाहताना त्यांचा बराच भाग ऑर्गनआड जातो.