आवरणाऱ्या रेणूंची गोष्ट, बर्कलेपासून परळपर्यंत

१९९५ साली दोन वेगवेगळ्या गटांनी सीटीएलए-४ या प्रथिनाचा जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. पिल्ले जन्मली धडधाकट आणि तीन-चार आठवड्यांत मेली. जंतुसंसर्ग नव्हता. त्यांच्याच रोगप्रतिकारक टी पेशी बेसुमार वाढून हृदयात आणि स्वादुपिंडात घुसल्या होत्या. हे प्रथिन टी पेशीला चेतवते की आवरते, हा संशोधकांमधला वाद तिथे मिटला.

टी पेशी कामाला लागायची तर दोन खुणा पटाव्या लागतात. पहिली, परक्या प्रथिनाचा तुकडा. दुसरी, तो तुकडा दाखवणाऱ्या पेशीवरचे बी७ रेणू, जे टी पेशीच्या सीडी२८ या ग्राहीत बसतात. सीटीएलए-४ सीडी२८च्याच कुळातला, पण बी७ला कितीतरी घट्ट धरणारा. इतकेच नव्हे, तो बी७ला समोरच्या पेशीच्या अंगावरून ओरबाडून स्वतःच्या पेशीत ओढून घेतो, हे २०११मध्ये दिसले. मग दुसरी खूण पटणार कशी?

बर्कलेच्या जेम्स ॲलिसन यांना यात कर्करोगावरचा उपाय दिसला. सीटीएलए-४ला अडवणारे प्रतिपिंड दिले की उंदरांच्या गाठी विरतात, हे त्यांच्या गटाने १९९६मध्ये छापले. माणसांत त्याचे औषध झाले इपिलिमुमॅब. पसरलेल्या मेलानोमाच्या ६७६ रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान ६.४ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. आकडा किरकोळ वाटेल. पण थोडे रुग्ण पुढे वर्षानुवर्षे जगले, आणि खरी नवलाई ती होती.

क्योतोच्या तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२मध्ये सापडलेला पीडी-१ हा ग्राही सौम्य स्वभावाचा. गाठीवरच्या पीडी-एल१ या रेणूशी तो जुळला की एसएचपी-२ हे विकर बोलावतो आणि आतले संदेश, विशेषतः सीडी२८चे, विझवतो. पीडी-१ नसलेले उंदीर लगेच मेले नाहीत. वय वाढले तसे काहींचे सांधे आणि मूत्रपिंडे सुजली. माणसांतही तसेच घडते. इपिलिमुमॅबने मोठ्या आतड्याचा तीव्र दाह अधिक होतो, पीडी-१विरोधी निवोलुमॅबने कमी. मला तर याला दुष्परिणाम म्हणणेच पटत नाही. आवर काढला की पेशी गाठीवर जाते, तशीच आतड्यावरही जाते. ॲलिसन आणि होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले.

पण किती औषध पुरे? निवोलुमॅबच्या सुरुवातीच्या चाचण्यांतच दिसले होते, की लहान मात्रेनेही टी पेशींवरचे बहुतेक पीडी-१ व्यापले जातात आणि कित्येक आठवडे व्यापलेलेच राहतात. एकदा ग्राही भरले की जादा औषधाला बसायला जागा कुठे? तरी रूढ मात्रा ठरली दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, आणि तिची किंमत आपल्याकडे फार थोड्यांना झेपते.

परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी हा धागा पकडला. डोके-मानेच्या प्रगत कर्करोगाच्या १५१ रुग्णांना तोंडाने घ्यायची स्वस्त औषधे दिली; त्यांतल्या निम्म्यांना जोडीला दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. म्हणजे सहा आठवड्यांत ७२०ऐवजी ४० मिलिग्रॅम. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. पूर्ण मात्रेशी समोरासमोर तुलना मात्र या चाचणीत नव्हती. औषध कमी खपेल असा प्रश्न कंपनी कशाला विचारेल? तो सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनाच विचारावा लागणार.