अडीच फुटांवरून

तांबट आळीत कॅमेरा नेणारे पुष्कळ. घंगाळ, बंब, हंडे, भट्टीचा लाल उजेड. दुपारपर्यंत दोन मिनिटांचा व्हिडिओ तयार. त्यात तांबं दिसतं, तांबट दिसत नाही. आम्हाला पुण्याच्या कसबा पेठेतल्या या आळीतल्या एका काकांवर सहा मिनिटांची फिल्म करायची होती. कारागिरीवर नव्हे, काकांवर.

ट्रायपॉड नेला नाही. दुकान एवढंसं, त्यात तीन पाय पसरले तर गिऱ्हाइकाने उभं कुठे राहायचं? पण खरं कारण वेगळं. लांब पल्ल्याची लेन्स लावून रस्त्यापलीकडूनही चेहऱ्याने फ्रेम भरता येते, मात्र त्यात थोडी चोरी असते आणि बघणाऱ्याला ती जाणवते. ३५ मिलिमीटरची लेन्स असली की चेहऱ्यासाठी दोन-अडीच फुटांवर जावंच लागतं, आणि समोरच्याने येऊ दिल्याशिवाय तिथवर जाता येत नाही. माझ्या मते अशा फिल्मचा अर्धा निकाल त्या अडीच फुटांत लागतो.

कॅमेरा हातात धरायचा म्हणजे कोपरं बरगड्यांना टेकवायची आणि श्वास सावकाश सोडायचा. काका जमिनीवर बसून काम करतात, तेव्हा आपणही मांडी घालायची. उभ्याने घेतलं की ते खाली, आपण वर, आणि हे नातं पडद्यावर लपत नाही. श्वासाची बारीक हालचाल फ्रेममध्ये चालते. दचकल्याची चालत नाही, आणि मठाराच्या पहिल्या ठोक्याला नवखा माणूस दचकतोच.

मठार म्हणजे भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने उमटवलेले ठोके. भट्टीत तापलेलं तांबं मऊ पडतं, ठोक्यांनी पुन्हा कडक होतं. चकाकी हा वरचा फायदा. उजवा हात एकाच जागी पडत राहतो, डावा भांडं जरा जरा फिरवतो. काका ठोके मोजत नाहीत. ओळ हुकली की आधी कानाला कळतं, म्हणतात.

आमच्या कानांची मात्र पंचाईत. रेकॉर्डरची लेव्हल ठोक्यावर ठेवली तर बोलणं बुडतं, बोलण्यावर ठेवली तर ठोका फाटतो. म्हणून एक माइक कॉलरला आणि दुसरा कोपऱ्यात, लेव्हल बरीच खाली आणून. ट्यूबलाइटचंही तसंच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. २५ फ्रेमना शटर १/५० ठेवलं की चित्रात पट्टे येत नाहीत. एवढं सांभाळलं की तंत्राचं ओझं बरंचसं उतरतं.

मग बघायचं काय? स्कॉटलंडच्या मार्गारेट टेट यांनी १९५२ साली आपल्या आईवर एक छोटीशी फिल्म केली, ‘अ पोर्ट्रेट ऑफ गा’. आईचं चरित्र त्यात नाही. कागदाला चिकटलेली गोळी सोडवणारी तिची बोटं आहेत, आणि त्या बोटांतून बाई कळते. ती फिल्म पाहिल्यापासून काम थांबतं तेव्हा काय होतं, तिकडे माझं लक्ष जास्त.

चहा आला की कपाला हात लावण्याआधी काका हातोडीचं तोंड सदऱ्याच्या टोकाने पुसतात. मग अंगठा फिरवून बघतात. मग चहा. त्या तोंडावर ओरखडा पडला तर तो प्रत्येक ठोक्यात भांड्यावर उमटणार, हे कारण उघड आहे. पण नुकती पुसलेली हातोडीही ते पुन्हा पुसतात. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी ती कॅमेऱ्यासाठी पुसली असती. मुलाखतीची हौस असलेल्यांना हे पटत नाही. पटू नये, त्यांचा सिनेमा वेगळा.

एडिटला बसल्यावर मठाराला जेमतेम चाळीस सेकंद मिळाले. भट्टीचे देखणे शॉट जवळजवळ सगळे गेले. चहा राहिला, गिऱ्हाइकाशी भाव करताना छताकडे बघणं राहिलं.

कच्चा कट दुकानातच लॅपटॉपवर दाखवला. काकांनी शेवटपर्यंत पाहिला आणि एका जागी बोट ठेवून म्हणाले, “तेवढं नको.” शॉट चांगला होता. काढला. कोणता, ते इथेही लिहीत नाही. परवानगीच्या कागदावर त्यांची सही होती, पण सही शूटिंगच्या आधीची असते; आपण कसे दिसणार हे तेव्हा माणसाला ठाऊक नसतं. अशी फिल्म करणार असाल तर महोत्सवाला पाठवण्याआधी ज्याच्यावर केली त्याला दाखवा, आणि तो नको म्हणेल ते कापा.