आडवी बाटली आणि पोपचं पत्र

2010 च्या डिसेंबरात चिमूरहून बायांचा मोर्चा पायी नागपूरला निघाला. तिथे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन होतं आणि मागणी एकच होती: चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी करा. पुढाकार 'श्रमिक एल्गार' संघटनेचा, नेतृत्व पारोमिता गोस्वामी यांचं. मोर्चाचा चर्चशी काही संबंध नव्हता. तरीही कॅथलिक समाजविचार घराच्या उंबऱ्याआत कसा दिसतो, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड.

या विचाराचा पाया 1891 मध्ये पोप लिओ तेरावे यांच्या 'रेरुम नोव्हारुम' या पत्रानं घातला. मजुरी किती हवी? काटकसरीनं राहणाऱ्या मजुराचा निर्वाह होईल इतकी. तो कमी पैशांवर राजी झाला, म्हणून ती न्याय्य ठरत नाही. पुढे 1931 मध्ये पोप पायस अकरावे यांनी दुसरं सूत्र मांडलं: घराला किंवा गावाला जमणारं काम वरच्यांनी हिसकावून घेऊ नये, मात्र जे त्यांना पेलत नाही, तिथे वरच्यांनी मदतीला यावं. यातला पहिला अर्धा भाग सगळ्यांना आवडतो. दुसरा सोयीनं विसरला जातो.

चिमूरच्या बायांनी मागितला तो हाच दुसरा भाग. नवऱ्याची समजूत काढणं, मजुरीचे पैसे डाळीच्या डब्यात दडवणं, एवढं घरात होऊ शकतं. परवान्याचं दुकान घरातून बंद होत नाही. त्यासाठी गावानं मतदानात बाटली आडवी करावी, म्हणजे बंदीच्या बाजूनं कौल द्यावा लागतो, आणि तेही पुरलं नाही तर सरकार लागतं. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी होती. चंद्रपुरात ती 1 एप्रिल 2015 ला आली आणि अवैध विक्रीचं कारण देऊन 2021 मध्ये उठवली गेली. कारण खोटं नव्हतं. पण चोरटी दारू रोखणं हेही सरकारचंच काम होतं, असं म्हणायला जागा आहे.

मोर्चा चर्चचा नसला तरी चर्च या भागात आहे: चांदा, म्हणजे चंद्रपूर भागात सिरो-मलबार या कॅथलिक चर्चचं स्वतंत्र कार्यक्षेत्र 1962 मध्ये आखलं गेलं. त्याचं केंद्र बल्लारपूरला आहे. मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांची जुनी वस्ती मात्र वसईची. तिथे मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी 1918 मध्ये पतसंस्था काढली. आजची बॅसीन कॅथलिक बँक ती हीच. सावकाराकडे एकट्यानं जाणाऱ्या कुटुंबाला तिथे भागधारक म्हणून बसायला जागा मिळाली.

रोजच्या घरात या विचाराची कसोटी आणखी साधी आहे. उपवासकाळात ताटातला पदार्थ वगळून वाचलेले पैसे गरिबांना देण्याची रीत कॅथलिक घरांत आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्याच घरात भांडी घासायला येणारी बाई आजारी पडली तर तिच्या खाड्याचे पैसे कापतात का? लिओ तेरावे यांच्या हिशेबात मजुरी हा हक्क आहे. दान त्यानंतर येतं.

मजुरीच्या हक्काचा हाच प्रश्न मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उभा असतो. तेंदूपत्ता तोडायला पहाटे सगळं घर निघतं. दुपारी म्हातारी आणि पोरं मिळून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता लिलाव स्वतः करतात, दर ठेकेदाराशी स्वतः ठरवतात. गावाचा वाटा गावानं मिळवला आहे. पुड्यांचे पैसे घरात कुणाच्या खात्यावर जमा व्हावेत, हे मात्र ज्या त्या घरालाच ठरवावं लागतं.