भिवपुरीचं पाणी आणि अर्थशास्त्राचं पहिलं पुस्तक

मावळातली आंद्रा नदी मूळची पूर्वेकडे वाहणारी. तिचं पाणी इंद्रायणीतून भीमेला मिळायचं. ठोकरवाडीला धरण झालं, आणि १९२२पासून ते पाणी सह्याद्री उतरून कर्जतजवळच्या भिवपुरीच्या वीजघरातली चक्रं फिरवतं, मग उल्हास नदीकडे वाहतं. मुंबईला वीज मिळाली. पण तेच पाणी भीमेच्या शेतांना पुन्हा मिळत नाही. एक निवडताना जे सोडावं लागतं, त्याची किंमत म्हणजे संधी-खर्च.

एफवायच्या मुलांना ही संकल्पना व्याख्येतून पाठ करायला लावतात, हे दुर्दैवच!

कर्जत लोकलमध्ये अर्थशास्त्र वाचायला सुरुवात करायची तर जाडजूड पाठ्यपुस्तक नको. डॉ. आंबेडकरांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा १९१८चा निबंध घ्यावा. शेत लहान म्हणून शेती तोट्यात, हा समज त्यांनी खोडून काढला. जमीन किती यापेक्षा तिच्या जोडीला अवजारं, बैल, भांडवल किती, हा खरा प्रश्न. शेतीवर अवलंबून असलेले जादा हात उद्योगांत गेले पाहिजेत, हा त्यांचा उपाय. भिवपुरीच्या भातखाचरांच्या बांधावर बसून वाचला तर तो अधिक उमगेल.

उद्योग कसे वाढले, हे धनंजयराव गाडगीळांच्या १९२४च्या ग्रंथात सापडतं. तो जरा सावकाश वाचावा.

आजचं हवं असेल तर अर्थशास्त्रज्ञ बॅनर्जी-डुफ्लो यांचं ‘पुअर इकॉनॉमिक्स’ आहे. त्यातलं एक उदाहरण: उदयपूर जिल्ह्यात लसीकरणाच्या शिबिरात डाळ दिली, तेव्हा बाळांना घेऊन येणाऱ्या आया कितीतरी वाढल्या. आलेख न काढता प्रोत्साहन समजतं ते असं.